वर्षातून एकदा घर: चिनी नववर्षाला कोट्यवधी लोक गावाकडे का निघतात?

१ जुलै २०१३. चीनमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या हक्कांचा सुधारित कायदा त्या दिवशी लागू झाला. आईवडिलांपासून लांब राहणाऱ्या मुलांनी त्यांना वरचेवर भेटायला जावं किंवा त्यांची विचारपूस करावी, असं त्यात चक्क लिहिलेलं होतं. त्याच दिवशी शांघायपासून जवळ असलेल्या वूशी शहरातल्या न्यायालयाने ७७ वर्षांच्या एका आईच्या दाव्यावर निकाल दिला. लेकीने दर दोन महिन्यांतून किमान एकदा आईला भेटायला जायचं आणि वर्षातल्या किमान दोन सणांना तिच्याकडे हजर राहायचं, असा आदेश निघाला.

बातमी जगभर गेली. 'आईला भेटायला कायदा लागतो?' म्हणून लोक हसलेही. पण ज्या देशात सुमारे ३० कोटी माणसं गाव सोडून दुसरीकडे राबतात, तिथे हा प्रश्न हसण्यासारखा नाही. आणि या प्रश्नाचं उत्तर बहुतेक चिनी घरांत एकाच रात्री मिळतं: नववर्षाच्या आदल्या रात्री. त्या रात्री जेवणाच्या टेबलाभोवती कोण बसलंय आणि कोणाची खुर्ची रिकामी आहे, यावरून घराचं वर्ष कसं गेलं ते कळतं.

लाल कंदील, ड्रॅगनचा नाच, फटाके हे सगळं आपण व्हिडिओत पाहतो. पण चिनी सणांच्या चालीरीती समजून घ्यायच्या असतील, तर सुरुवात या टेबलापासून करावी लागते.

हे नववर्ष दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतं?

चिनी पंचांग आपल्यासारखंच चंद्र आणि सूर्य दोघांनाही धरून चालतं. महिने चंद्राचे, पण ऋतूंशी मेळ राहावा म्हणून अधूनमधून अधिक महिना. २०२३ मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण होता, तेव्हा त्यांच्याकडेही त्या वर्षी एक महिना दोनदा आला होता.

एक फरक आहे. त्यांचा महिना अमावास्येच्या दिवशीच सुरू होतो. नववर्षाचा पहिला दिवस २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येतो. २०२५ मध्ये तो २९ जानेवारीला होता. त्याच दिवशी आपल्याकडे मौनी अमावास्या होती आणि प्रयागराजला कुंभमेळ्याची गर्दी उसळली होती. २०२६ मध्ये तो १७ फेब्रुवारीला आहे आणि तिथून घोड्याचं वर्ष सुरू होतं.

या सणाचं आजचं नाव 'छुनच्ये', म्हणजे वसंताचा सण. १९१२ मध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक आलं आणि सरकारने इंग्रजी कॅलेंडर स्वीकारलं. १ जानेवारी हे अधिकृत नववर्ष झालं आणि जुन्या नववर्षाला 'वसंत सण' म्हणायची पद्धत पडली. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६७ मध्ये, या सणाची सुट्टीच रद्द झाली. जुन्या चालीरीती मागास ठरवल्या गेल्या आणि लोकांना कामावर बोलावलं गेलं. ही सुट्टी परत आली ती १९८० मध्ये. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने हा सण मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला.

सरकारांनी तारीख बदलली, सुट्टी काढून घेतली, तरी सण टिकला, कारण तो घराघरांत होता.

लोक मुळात घराबाहेर का असतात?

याचं उत्तर 'हुकोऊ' या शब्दात आहे. हुकोऊ म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद. रेशनकार्ड, रहिवासी दाखला आणि शाळा-दवाखान्याचा हक्क एकाच वहीत बांधला, तर जे होईल ते. १९५८ च्या नियमांनी ही पद्धत पक्की केली. ज्याची नोंद खेड्यात, त्याला शहरात जाऊन कायमचं राहणं जवळजवळ अशक्य होतं.

१९८० नंतर किनाऱ्यालगतच्या शहरांत कारखाने उभे राहिले. शेन्झेन, ग्वांगझू, तुंगक्वान या शहरांना हात हवे होते. सिचुआन, हनान, हुनान, आनह्वेई या प्रांतांतल्या खेड्यांतून माणसं निघाली. कामाला जायची मुभा मिळाली, पण नोंद गावातच राहिली. त्यामुळे मुलांना शहरातल्या सरकारी शाळेत घालणं अवघड, दवाखान्याचा खर्च परत मिळणं अवघड. लहान शहरांनी हे नियम आता बरेच सैल केले आहेत. बीजिंग-शांघायसारख्या महानगरांत मात्र नोंद मिळवणं आजही कठीण आहे.

परिणाम काय झाला? आईबाप शहरात आणि मुलं गावात आजीआजोबांकडे. अशा मुलांसाठी चिनी भाषेत वेगळा शब्दच तयार झाला, ज्याचा अर्थ 'मागे राहून घर राखणारी मुलं'. यातल्या अनेकांना आईवडील प्रत्यक्ष दिसतात ते वर्षातून एकदा, नववर्षाला.

चाळीस दिवसांचा प्रवास

नववर्षाच्या आगेमागे मिळून ४० दिवसांच्या प्रवासाच्या हंगामाला 'छुनयुन' म्हणतात. सरकारी आकडेवारीनुसार २०२५ च्या छुनयुनमध्ये देशभरात सुमारे ९०० कोटी प्रवासफेऱ्या झाल्या. यात मोठा वाटा स्वतःच्या गाड्यांनी केलेल्या प्रवासाचा होता, आणि ५० कोटींहून जास्त फेऱ्या एकट्या रेल्वेच्या होत्या.

आज वेगवान रेल्वेचं जाळं देशभर पसरलंय आणि तिकीट मोबाइलवर मिळतं. तरी विक्री सुरू झाल्यावर गर्दीच्या मार्गांवरची तिकिटं बघता बघता संपतात. कोकणात गणपतीला जायचं तिकीट काढणाऱ्याला ही धडधड वेगळी समजावून सांगायला नको.

पूर्वीचे हाल याहून मोठे होते. तिकिटासाठी लोक रात्र-रात्र रांगेत उभे राहायचे आणि वीस-तीस तास डब्यात उभ्याने प्रवास करायचे. ज्यांना तिकीट मिळायचं नाही, असे ग्वांगतुंग प्रांतातले हजारो कामगार मोटरसायकलवर बायकोमुलांना घेऊन शेजारच्या ग्वांगशी प्रांताकडे थंडीपावसात निघायचे. २००८ मध्ये ऐन सणाच्या तोंडावर दक्षिण चीनमध्ये बर्फाची वादळं आली, वीज गेली, गाड्या थांबल्या. ग्वांगझू स्टेशनबाहेर लाखो लोक अडकून पडले. तेव्हाचे पंतप्रधान वेन च्यापाओ अडकलेल्या प्रवाशांना भेटायला गेले आणि त्यांनी हातात भोंगा घेऊन लोकांची माफी मागितली.

आणखी एक काळजी असते, ती थकलेल्या पगाराची. बांधकामावरच्या मजुरांची वर्षभराची मजुरी अनेकदा वर्षाअखेरीस चुकती होते आणि काही वेळा होतच नाही. रिकाम्या हाताने गावी जायचं कसं? म्हणून दरवर्षी सणाआधी मजुरी मिळवून द्यायच्या सरकारी मोहिमा निघतात. मजुरांचा पगार वेळेवर देण्याबाबतचे खास नियम मे २०२० पासून लागू झाले आहेत.

त्या पंधरा दिवसांत नेमकं काय होतं?

तयारी आठवडाभर आधी सुरू होते. वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या २३ तारखेला (दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी २४ ला) चुलीच्या देवाला निरोप देतात. हा देव घरातल्या वर्षभराच्या गोष्टी स्वर्गात जाऊन सांगतो, अशी समजूत. म्हणून त्याला चिकट गोड मिठाईचा नैवेद्य दाखवतात. तोंड गोड झालं तर तो चांगलंच बोलेल, आणि दात चिकटले तर काहीच बोलणार नाही.

मग घर झाडून-पुसून काढतात. दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावर शुभेच्छांच्या ओळी चिकटवतात. अनेक दारांवर 'फू', म्हणजे भाग्य, हे अक्षर उलटं लावलेलं दिसतं. ही चूक नसते. चिनी भाषेत 'उलटं' आणि 'आलं' या शब्दांचा उच्चार सारखाच आहे. त्यामुळे 'फू उलटं झालं' म्हटलं की 'भाग्य आलं' असंच ऐकू येतं.

आदल्या रात्रीचं जेवण हा सणाचा गाभा. उत्तरेत सगळे मिळून डंपलिंग वळतात. आकार जुन्या काळच्या चांदीच्या लगडीसारखा, म्हणजे पैसा येणार. दक्षिणेत तांदळाच्या पिठाचा चिकट केक असतो. मासा बहुतेक घरांत असतोच, कारण 'मासा' आणि 'शिल्लक' या दोन शब्दांचा उच्चार एकच. तो सगळा संपवत नाहीत. वर्षाला काहीतरी शिल्लक राहायला हवं. १९८३ पासून सरकारी टीव्हीवर या रात्री मोठा करमणुकीचा कार्यक्रम लागतो. तो आवडो न आवडो, घरात सुरू असतो.

पहिल्या दिवशी घरात केर काढत नाहीत, नाहीतर लक्ष्मी बाहेर जाईल असं आपण म्हणू, तसंच ते म्हणतात. दुसऱ्या दिवशी लेकी नवऱ्याला आणि मुलांना घेऊन माहेरी येतात. पाचव्या दिवशी धनाच्या देवाचं स्वागत होतं आणि दुकानं उघडू लागतात. पंधराव्या दिवशी, पौर्णिमेला, कंदिलांचा सण येतो आणि नववर्ष संपतं. त्या दिवशी तांदळाच्या पिठाचे गोल गोळे खातात.

हे गोल असणंही मुद्दाम असतं. कुटुंबाने एकत्र जमण्याला चिनी भाषेत 'तुआनयुआन' म्हणतात आणि त्यातल्या 'युआन'चा अर्थ गोल. गोल टेबल, गोल गोळे, गोल चंद्र. सगळे एकत्र असल्याची ही खूण आहे.

सासर की माहेर?

दुसऱ्या दिवशी माहेर, याचा अर्थ आदली रात्र सासरची. शतकानुशतकं हेच चाललं. मग १९८० च्या सुमारास एक मूल धोरण आलं आणि ते २०१५ च्या अखेरपर्यंत राहिलं. त्या काळातली एकुलती एक मुलं मोठी झाली आणि त्यांची लग्नं झाली. आता नवरा एकुलता, बायकोही एकुलती. त्याच्या आईवडिलांकडे गेले तर तिच्या आईवडिलांचं टेबल पूर्ण रिकामं.

यावर अनेक जोडप्यांत दरवर्षी वाद होतो. कोणी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे असं ठरवतं. कोणी दोन्हीकडच्यांना शहरात आपल्या घरी बोलावतं. त्यामुळे सणाच्या दिवसांत गावाकडून शहराकडे जाणारे आईवडीलही गाड्यांमध्ये दिसू लागलेत. काही जोडपी तर सरळ आपापल्या घरी जातात. परंपरेत न बसणारी ही तोडगा काढायची पद्धत, पण दोन्ही टेबलांवर कोणीतरी असतं.

लाल पाकिटाचा हिशोब

मुलांना या सणात 'हाँगबाओ', म्हणजे पैशांचं लाल पाकीट मिळतं. देणारे मोठे आणि लग्न झालेले, घेणारी मुलं. नोटा कोऱ्या हव्यात. रक्कम सम आकड्यात, पण चार टाळायचा, कारण 'चार' आणि 'मृत्यू' हे उच्चार जवळचे आहेत. आठ मात्र सर्वांना आवडतो.

यात एक न बोललेला हिशोबही असतो. काकांनी आपल्या मुलाला जेवढं दिलं, साधारण तेवढं त्यांच्या मुलाला आपण द्यायचं. लग्न-मुंजीत आहेराची वही ठेवणाऱ्या आपल्या घरांना हे लगेच कळेल. ज्याची कमाई कमी आणि नातेवाईक जास्त, त्याला ही पाकिटं चांगलीच जड जातात.

जानेवारी २०१४ मध्ये वीचॅट या ॲपने मोबाइलवरची लाल पाकिटं आणली. कुटुंबाच्या ग्रुपवर पाकीट टाकायचं आणि जो आधी दाबेल त्याला त्यातला वाटा मिळणार, असा खेळ सुरू झाला. लांब राहिलेला मुलगाही आता पाकीट पाठवू शकतो. आजीच्या हातात मात्र कागदाचंच पाकीट असतं.

'पगार किती? लग्न कधी?'

गावी गेलं की नातेवाईकांचे प्रश्न सुरू होतात. पगार किती, घर घेतलं का, कोणी बघितलंय का, मूल कधी? लग्नासाठी मागे लागण्याला चिनी भाषेत स्वतंत्र शब्द आहे आणि तो सणाच्या दिवसांत सोशल मीडियावर धुमाकूळ घालतो. या प्रश्नांना कंटाळून काही तरुण-तरुणी घरी दाखवायला भाड्याने जोडीदार नेतात, इतकी ही गोष्ट पुढे गेली आहे.

तरुणांना ही ढवळाढवळ वाटते. म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र अनेकदा तीच मायेची भाषा असते. वर्षभर भेट नसेल तर बोलायचं कशावर? मुलाच्या ऑफिसातलं त्यांना काही कळत नाही. पगार आणि लग्न कळतं.

आणखी एक परीक्षा असते नात्यांच्या नावांची. आपल्याकडे काका वेगळा, मामा वेगळा, आत्या आणि मावशी वेगळी. तसंच चिनी भाषेत आहे, उलट जास्तच. वडिलांचा मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ यांनाही वेगळे शब्द. शहरात वाढलेल्या मुलांचा इथे इतका गोंधळ उडतो, की कोणाला काय म्हणायचं ते सांगणारी ॲप निघाली आहेत.

पाहुणे म्हणून गेलात तर

चिनी मित्राने सणाला घरी बोलावलं, तर या गोष्टी लक्षात ठेवा. चीन मोठा देश आहे, प्रांताप्रांतात फरक पडतो. पण इतकं बहुतेक ठिकाणी चालतं.

भेटवस्तू दोन्ही हातांनी द्या. यजमान दोन-तीनदा 'कशाला आणलंत' म्हणून नको म्हणतील. तो शिष्टाचार आहे, आग्रह करा. वस्तू तुमच्यासमोर उघडली नाही, तर ती आवडली नाही असं समजू नका. फळं, चहा, मिठाई उत्तम.

भिंतीवरचं किंवा टेबलावरचं घड्याळ कधीही देऊ नका. 'घड्याळ देणं' हे शब्द ऐकायला 'शेवटच्या क्षणी आईवडिलांजवळ असणं' यासारखेच आहेत. छत्रीही नको, तिचा उच्चार 'पांगणं' या शब्दाजवळ जातो. एक पेअर दोघांत कापून खाऊ नका. त्या शब्दांतून 'ताटातूट' ऐकू येते. सणाच्या घरात ज्या ज्या गोष्टी टाळल्या जातात, त्यातल्या बऱ्याच विरहाची आठवण करून देणाऱ्या आहेत.

जेवताना दाराकडे तोंड असलेली जागा सहसा मानाची असते. सांगितल्याशिवाय तिथे बसू नका. भातात काड्या उभ्या खुपसू नका. मृतांपुढे लावलेल्या उदबत्तीसारख्या त्या दिसतात. मोठ्यांच्या ग्लासला ग्लास लावताना आपला थोडा खाली धरा. बाहेर जेवलात तर बिलावरून खरीखुरी ओढाताण होईल. ज्याने बोलावलं तो देतो, पण तुम्ही प्रयत्न करायलाच हवा.

आणि कोणी 'जेवलात का?' विचारलं, तर ते जेवणाचं आमंत्रण असेलच असं नाही. जुन्या पिढीत 'कसं काय, बरं आहे ना?' म्हणायची ती पद्धत आहे. 'हो, जेवलो, तुम्ही?' एवढं पुरतं.

सण संपल्यावर

सुट्टी संपते आणि परतीचा प्रवास सुरू होतो. या दिवसांत चिनी सोशल मीडियावर गाडीच्या डिकीचे फोटो फिरतात. डिकीत भुशात ठेवलेली अंडी, वाळवलेलं मांस, भाज्या, तेल, तांदूळ. आईवडिलांनी मोकळी जागा म्हणून ठेवलेली नसते. शहरात हे सगळं मिळतं, हे त्यांनाही माहीत असतं.

मग पुढची भेट कधी? एप्रिलच्या ४ किंवा ५ तारखेच्या आसपास छिंगमिंग येतो, तेव्हा पूर्वजांच्या कबरी साफ करायला जमेल तो जातो. त्या दिवशी कोणाला 'शुभेच्छा' देत नाहीत. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र पाहत मूनकेक खायचा सण येतो. २०२५ मध्ये तो आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला होती. हे दोन्ही सण २००८ पासून सरकारी सुट्टीचे झाले. पण ज्याचं गाव दीड हजार किलोमीटर लांब आहे, त्याला एवढ्याशा सुट्टीत जाऊन येणं परवडत नाही. तो फोनवर बोलतो आणि पुढच्या नववर्षाची तारीख बघतो.

वूशीच्या न्यायालयाने त्या लेकीला 'दोन सणांना तरी जा' असं का सांगितलं, ते आता कळतं. कायद्याने कोणाला माया लावता येत नाही. पण टेबलाभोवतीची एक खुर्ची भरली, तर आईसाठी ते वर्ष रिकामं गेलेलं नसतं.